जवस : बी घ्यावे की तेल? खरेदी, साठवण आणि आहारातील वापर (चंडीगढच्या बाजारपेठेच्या निमित्ताने)

चंडीगढच्या सेक्टर २६ मधील धान्यबाजारात थंडीची चाहूल लागताच 'अलसी'ची मागणी वाढते. पंजाबी घरांत या दिवसांत अलसीची पिन्नी वळली जाते. भाजलेल्या जवसाचे पीठ, कणीक, तूप, गूळ, डिंक आणि सुकामेवा यांचा हा लाडू कडाक्याच्या थंडीत सकाळी दुधाबरोबर खाण्याची तेथे पद्धत आहे. जवळच्या चंडीमंदिर येथे लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. अशा ठिकाणी नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तेच बी लसूण-तिखटाच्या कोरड्या चटणीचे असते. विदर्भात त्याला जवस म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात अळशी. वनस्पती एकच आहे. मात्र 'अळशीचे तेल' हा शब्द रंगाच्या दुकानातही चालतो, आणि या दुहेरी वापरातूनच एक धोका उद्भवतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

चंडीगढचे उदाहरण घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. पंजाबात गहू-भाताच्या फेऱ्यात जवसाचे क्षेत्र फार आक्रसले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने एलसी-२०२३, एलसी-२०६३ यांसारखे वाण दिले, तरी शहरी ग्राहकाची गरज भागवण्यास बाहेरचा माल लागतोच. शेजारच्या हिमाचलातील कांगडा भागात भात कापणीपूर्वी उभ्या पिकात जवस फेकून 'उतेरा' पद्धतीने घेतला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील शेतकऱ्यांस ही पद्धत नवी नाही. म्हणजे जवस पिकवणारा पूर्व विदर्भातील शेतकरी आणि आरोग्यासाठी जवस शोधणारा चंडीगढचा ग्राहक यांच्यात हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि वाटेत उन्हाळा असल्यास तेलाची गुणवत्ता याच अंतरात घसरते. जवस हे किमान आधारभूत किमतीच्या यादीतील पीक नाही. त्यामुळे येथे शेतकऱ्याला दराचा आधार आहे तो केवळ गुणवत्तेचा.

बियात नेमके काय असते?

जवसाच्या बियात साधारण ३५ ते ४५ टक्के तेल, सुमारे २० टक्के प्रथिने आणि २५ टक्क्यांहून अधिक तंतुमय पदार्थ असतात. तेलातील निम्म्याहून अधिक भाग बहुधा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे ओमेगा-३ गटातील अत्यावश्यक स्निग्धाम्ल असून शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. प्रौढ पुरुषास दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम व स्त्रीस १.१ ग्रॅम एवढे ते पुरेसे मानले जाते. एक मोठा चमचा, म्हणजे अंदाजे ७ ग्रॅम, जवसाच्या पुडीतून सव्वा ते दीड ग्रॅम मिळते. तेलाच्या एका लहान चमच्यातून दोन ग्रॅमहून अधिक मिळते. हिशेब एवढाच आहे. त्यासाठी वाटीभर जवस खाण्याची किंवा रोज अर्धा पेला तेल पिण्याची गरज नाही.

तेलाच्या जाहिरातीत सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. बियातील तंतू, चिकट म्युसिलेज आणि लिग्नॅन ही द्रव्ये तेलात उतरत नाहीत; ती पेंडीत राहतात. बद्धकोष्ठतेसाठी, रक्तातील कोलेस्टेरॉलसाठी किंवा लिग्नॅनसाठी जवस घेणाऱ्या माणसाने तेल विकत घेतल्यास त्याला हवी ती वस्तू मिळालेलीच नसते. तेलाचा उपयोग फक्त ओमेगा-३ पुरता आहे. बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने बी हाच स्वस्त, सुरक्षित आणि अधिक पूर्ण पर्याय ठरतो.

मासळीच्या तेलाशी तुलना करतानाही तारतम्य हवे. मेंदूस व डोळ्यांस लागणारी ईपीए व डीएचए ही लांब साखळीची स्निग्धाम्ले जवसात नसतात. शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून ती बनवते, पण फार थोड्या प्रमाणात; डीएचएच्या बाबतीत हे प्रमाण नगण्यच म्हणावे लागेल. शाकाहारी आहारात जवसाचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु 'जवस म्हणजे शाकाहारी मासा' हे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

वैद्यकीय पुराव्यांपैकी एक येथे नमूद करण्याजोगा आहे. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना रोज ३० ग्रॅम दळलेले जवस पाव-बिस्किटांसारख्या पदार्थांतून दिले गेले. सहा महिन्यांनंतर जवस न घेतलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० व खालचा सुमारे ७ अंकांनी कमी आढळला. हे बहुतांशी औषधे घेणारे रुग्ण होते आणि जवस त्या औषधांच्या जोडीला होते. या चाचणीचा आधार घेऊन कोणाची गोळी बंद करण्याचा सल्ला देणे चुकीचे ठरेल. वापरले गेले ते दळलेले बी होते, तेल नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

वाण विचारून घ्यावा

जवस म्हणजे ओमेगा-३, हे समीकरण आता सरसकट खरे राहिलेले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएल-९९ या वाणाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल ५ टक्क्यांहून कमी ठेवले आहे. ऑस्ट्रेलियात लिनोला या नावाने असाच प्रयोग पूर्वी झाला. अशा तेलाला खवटपणा लवकर येत नाही आणि ते स्वयंपाकात तापवण्यास योग्य असते, हा त्याचा गुण. पण ओमेगा-३ साठी जवस घेणाऱ्या ग्राहकास ते देणे म्हणजे त्याची फसवणूक होय, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो. नागपूरचे एनएल-९७, पीकेव्ही एनएल-२६० किंवा लातूरचे एलएसएल-९३ यांसारखे वाण पारंपरिक, उच्च लिनोलेनिक प्रकारातील आहेत. दोन्ही प्रकारांचे बी एकाच गावात घेतले जात असल्यास मळणी, गोणी आणि घाणा या तिन्ही ठिकाणी ते वेगळे राहील याची काळजी शेतकरी गटाने घ्यावी. पाकिटावर वाणाचे नाव छापणे हा ग्राहकाचा विश्वास मिळवण्याचा सोपा मार्ग आहे.

तपकिरी आणि सोनेरी बी यांत मात्र ग्राहक समजतो तेवढा फरक नसतो. मोठ्या शहरांतील दुकानांत सोनेरी जवस चढ्या दराने विकले जाते. पोषणमूल्य रंगापेक्षा वाणावर व हवामानावर अधिक अवलंबून असते. दाणे भरताना थंडी टिकली तर लिनोलेनिक आम्ल वाढते, आणि उष्णता लवकर आली तर घटते. वेळेवर पेरणीचा आग्रह केवळ उत्पादनासाठी धरला जात नाही, तो यासाठीही आहे.

बी खरेदी करताना

चांगले बी चपटे, गुळगुळीत व चकचकीत असते आणि मुठीतून निसटते. चार दाणे दाताखाली फोडून पाहावेत. चव कवचीच्या फळासारखी, किंचित गोडसर असावी. जिभेवर तिखट-कडवट झणका आला किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर माल जुना आहे. फुटलेले दाणे जास्त असतील तर भाव कितीही कमी असला तरी तो माल घेऊ नये, कारण कवच फुटताच आतील तेलाचा हवेशी संबंध येतो.

पिवळ्या धोत्र्याच्या बियांकडे विशेष लक्ष द्यावे. हे तण रब्बीच्या शेतांत सर्रास आढळते. त्याचे बी काळपट, गोल व खरबरीत असल्याने चपट्या जवसात ते नजरेने ओळखता येते आणि चाळणीने वेगळे करता येते. पण तेल काढल्यावर ते ओळखण्याचा घरगुती उपाय नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन जलशोफाची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. ती घटना मोहरीची होती, तरी घाण्यावर जवस घालणाऱ्या प्रत्येकास ती लागू आहे. घाणा सुरू करण्यापूर्वी बी चाळून, निवडून घेण्यास पर्याय नाही.

तेल खरेदी करताना

पहिला प्रश्न दुकानाचा. खाण्याचे जवस तेल हे खाद्यपदार्थाच्या दुकानातूनच घ्यावे. रंगाच्या व हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे 'बॉइल्ड' किंवा 'डबल बॉइल्ड' तेल हे केवळ उकळलेले तेल असते असे नाही. ते लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज, पूर्वी तर शिसे अशा धातूंचे क्षार मिसळले जातात. ते पोटात जाणे विषारी ठरू शकते. 'रॉ' असे लिहिलेले औद्योगिक तेलही खाण्यासाठी काढलेले, गाळलेले किंवा तपासलेले नसते. क्रिकेटच्या बॅटला लावण्यासाठी खेळसाहित्याच्या दुकानात मिळणारी बाटली याच प्रकारात मोडते. चंडीगढसारख्या, जुन्या सागवानी फर्निचरसाठी नावाजलेल्या शहरात लाकडाला लावायच्या तेलाची बाटली घरात असणे स्वाभाविक आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी लावून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी. आठवडी बाजारात किंवा बचत गटाच्या बैठकीत विस्तार कार्यकर्त्याने ही एक बाब सांगितली तरी पुष्कळ आहे.

दुसरा प्रश्न वेष्टनाचा. सुटे खाद्यतेल विकण्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी मनाई आहे; तेल सीलबंद हवे, त्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. काढणीची तारीख पाहावी. वापराची अंतिम तारीख एकवेळ दूरची छापता येते, पण तेल केव्हा काढले हे लपत नाही. बाटली गडद काचेची किंवा प्रकाश न शिरणाऱ्या डब्याची असावी. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत, दुकानाच्या काचेपाशी उन्हात मांडलेले तेल कितीही नामांकित असो, ते घेऊ नये. लहान बाटली महाग पडते असे वाटते, तरी २५० मिलिलिटरपेक्षा मोठी घेणे चार माणसांच्या कुटुंबाला परवडत नाही, कारण उरलेले तेल खवट होऊन फेकावे लागते.

घरी करता येण्याजोग्या दोन कसोट्या आहेत, त्यांच्या मर्यादांसह. शुद्ध जवस तेल फ्रीजमध्ये पातळच राहते. ते थिजले किंवा तळाशी पांढरा थर बसला तर पामतेलासारख्या तेलाची मिसळ असण्याची शंका घ्यावी. मात्र सोयाबीन तेलही पातळच राहते, म्हणून ही कसोटी उत्तीर्ण झाली तरी शुद्धता सिद्ध होत नाही. दुसरी कसोटी, काचेवर पातळ थर लावून ठेवण्याची. जवस हे 'सुकणारे' तेल आहे. काही दिवसांत त्याचा चिकट व पुढे कोरडा पापुद्रा होतो. बाजारातील दर्जा ठरवण्यासाठी अर्थातच प्रयोगशाळाच हवी. भारतीय मानकांत जवस तेलाचे आयोडीन मूल्य १७० हून कमी चालत नाही आणि आम्ल मूल्य ४ पर्यंतच मान्य आहे. तेल विकू इच्छिणाऱ्या उत्पादक कंपन्यांनी प्रत्येक घाण्याच्या मालाची निदान आम्ल मूल्य व पेरॉक्साइड मूल्य या दोन बाबींसाठी तपासणी करून घ्यावी.

साठवण

जो गुण जवस तेलाला रंगकामात उपयोगी करतो, तोच स्वयंपाकघरात त्याचा शत्रू ठरतो. लिनोलेनिक आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन तेथे सहज जोडला जातो, आणि ही क्रिया शेंगदाण्याच्या तेलातील ओलेइक आम्लापेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने होते. उष्णता, प्रकाश आणि तांब्या-लोखंडाचा स्पर्श हे वेग वाढवणारे तीन घटक आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यात जवस तेल ठेवण्याची हौस म्हणूनच अयोग्य आहे.

पूर्ण, न फुटलेले बी हीच निसर्गाने केलेली उत्तम बाटली आहे. बी वाळवून ओलावा आठ-नऊ टक्क्यांच्या आत आणला, हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवला, तर वर्षभर टिकतो. चंडीगढचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते, त्यामुळे थंडीत घेतलेले पाच किलो जवस जुलैपर्यंत तसेच राहील अशी अपेक्षा बाळगू नये. पावसाळ्यापूर्वी ते संपवावे किंवा फ्रीजमध्ये हलवावे. विदर्भातील गोदामांत हीच काळजी मे महिन्यापासून घ्यावी लागते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या गोण्या भिंतीपासून दूर आणि लाकडी फळ्यांवर असाव्यात.

पूड आठवड्यापुरतीच दळावी आणि हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी. मिक्सर सलग चालवल्यास भांडे तापते व पूड तेलकट होऊन गोळे धरते. थांबत थांबत दळावे. तयार पूड बाजारातून घेण्याची आवश्यकता सहसा नाही.

तेल नेहमी फ्रीजमध्ये, बूच घट्ट लावून ठेवावे. सील फोडल्यावर ते सहा ते आठ आठवड्यांत संपवावे. जुने होताना जवस तेलाला आधी कडवटपणा येतो, खवट वास नंतर. या कडवटपणाचे कारण तेलातील काही पेप्टाइडांचे ऑक्सिडीकरण हे आहे. कडू लागलेले तेल 'औषध कडूच असते' असे समजून घेऊ नये. उन्हाळ्यात दूरच्या शहरात माल पाठवायचा झाल्यास तेलाऐवजी बी पाठवावे आणि तेल तेथेच, मागणीनुसार काढून घ्यावे. शक्य तेथे ही व्यवस्था सर्वांत कमी नुकसानीची ठरेल.

घाणा चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. जवस तेलाने भिजलेली गाळणीची फडकी, बोळे किंवा गोणपाट ढीग करून ठेवू नयेत. सुकताना तेल उष्णता सोडते, ढिगाच्या आत ती साठते आणि कोणतीही ठिणगी नसताना कापड पेट घेऊ शकते. फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वापर

अख्खे जवस गिळल्यास त्यातील बराचसा भाग न पचता बाहेर पडतो. त्याचा उपयोग व्हायचा तर ते दळलेले किंवा नीट चावलेले हवे. मंद आचेवर हलके भाजणे हिताचेच आहे. जवसात सायनाइड मुक्त करू शकणारी काही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि उष्णतेने ती कमी होतात. भाजण्याने ओमेगा-३ नष्ट होते ही भीती अनाठायी आहे; दाणा तडतडू लागला की उतरवावा, काळा होऊ देऊ नये. मराठी घरांतील चटणीची रीत, म्हणजे भाजणे, कुटणे, लसूण-तिखट-मीठ घालणे आणि भाकरीबरोबर चमचाभर खाणे, या सर्व कसोट्यांवर उतरते. प्रमाण रोज एक ते दोन मोठे चमचे पुरे.

पिन्नीविषयी स्पष्ट बोलायला हवे. एका पिन्नीत जवसापेक्षा तूप व गूळ अधिक असू शकतात. थंडीत अंगमेहनत करणाऱ्यास ती उत्तम; मधुमेही माणसाने 'जवस आहे' म्हणून दोन-दोन खाणे योग्य नाही. ज्वारी-बाजरीच्या किंवा गव्हाच्या पिठात किलोमागे शंभर ग्रॅम जवस पूड मिसळणे हा त्याहून साधा मार्ग आहे.

जवस तेलात तळण-फोडणी करू नये. न शुद्ध केलेले तेल थोड्याशा उष्णतेनेच धूर सोडते. ते शिजलेल्या वरणावर, कोशिंबिरीवर किंवा चटणीत वरून घालावे. दिवसाला एक ते दोन लहान चमचे पुरेत.

काही लोकांनी आधी डॉक्टरांना विचारावे : रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणारे, शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण, तसेच गरोदर स्त्रिया. आतड्यात अडथळ्याचा त्रास असणाऱ्यांनी जवस टाळावे. म्युसिलेज पाणी शोषून फुगते, म्हणून पूड घेताना पाणी भरपूर प्यावे. कोरडी पूड तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे. इतर गोळ्यांचे शोषण लांबू नये यासाठी जवस आणि औषध यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे.

पेंड

तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांसाठी मोलाची आहे आणि जवसाच्या मूल्यसाखळीत तिचा हिशेब वेगळा धरला पाहिजे. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पात या मूल्यसाखळीवर काम झाले आणि कोंबड्यांना जवस देऊन ओमेगा-३ युक्त अंडी घेण्याचा मार्गही पुढे आला. खाद्यात जवसाचे प्रमाण वाढवत नेल्यास अंड्याला मासळीसारखा वास येतो, त्यामुळे पशुआहार तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ते दहा टक्क्यांपलीकडे नेऊ नये. पेंड कोमट पाण्यात भिजवून वासरांना पाजण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. कोमट पाण्यात पेंडीतील विकर जागे होते आणि सायनाइड मुक्त होते. पेंड कोरडी द्यावी, किंवा भिजवायचीच असेल तर उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटे उकळू द्यावी व थंड झाल्यावर खाऊ घालावी.